निळी साल

छोट्याला साठी लागायला आली होती, डोक्यावरचे केस कधीच रामराम करून गेले होते आणि हाताखाली माणसं काम करत होती. तरी तो छोट्याच. ताईने एकदा ठेवलेलं नाव बदलायची हिंमत घरात कुणाची नव्हती, खुद्द त्याची तर नव्हतीच. बाजारात लोक त्याला साहेब म्हणायचे. मग ताईचा फोन यायचा आणि दोन दुकानं पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात ती विचारायची, "छोट्याऽ, कुठे उलथलायस?" की संपला साहेब.

ताई म्हणजे सख्खी थोरली बहीण. आई लवकर गेली तेव्हा हिनेच त्याला लहानाचा मोठा केला, आणि वडील गेल्यावर त्यांचा दिव्यांचा धंदाही हिनेच सांभाळला. धंदा म्हणजे दोन मोठ्या खोल्या, एक पॅकिंगची खोली आणि रस्त्याकडेला काचेचं दुकान. मुलगा विक्रीसाठी गावोगाव फिरायचा, सून दुकान बघायची, आणि ताई सगळ्यांना बघायची. तिच्या हाताखालून गेल्याशिवाय एकही दिवा खोक्यात जात नसे. "ताईची नजर" असं बाजारात म्हणायचे लोक, आणि त्या दोन शब्दांवर माल खपायचा.

अलीकडे ती नव्या तऱ्हेचे दिवे करायला लागली होती. बल्ब नाही, ट्यूब नाही. काचेचा एक पातळ तुकडा, बटण दाबलं की सबंध अंगाने उजळणारा. डोळ्यांना बोचत नाही, भिंतीवर कडक सावली पाडत नाही. त्याचं खरं नाव ओएलईडी, पण ताईकडे त्याला नुसतं पाटी म्हणायचे.

या पाटीत एक खोट असते. आत जेवढा उजेड तयार होतो, त्यातला निम्म्याहून जास्त बाहेर येतच नाही. काचेतल्या काचेत आपटत कडेला जातो आणि तिथेच विरतो. म्हणजे वीज जळते, पाटी तापते, आणि उजेड घरचा घरात! छोट्याची फिल्म म्हणजे या दुखण्यावरचं औषध. प्लास्टिकचं एक पातळ पान, आणि त्याच्या एका अंगाला दाटीवाटीने बसवलेले, नुसत्या डोळ्यांना दिसणारही नाहीत असे उंचवटे. हे पान काचेवर चिकटवलं की आत कोंडलेल्या उजेडाला त्या उंचवट्यांतून वाट मिळते. पाटी तीच, वीज तीच, उजेड मात्र दीडपट.

पहिल्यांदा त्याने हे करून दाखवलं तेव्हा ताईच्या सुनेने टाळ्या वाजवल्या. ताईने आधी दिवा बंद केला. बंद पाटी एरवी आरशासारखी लखलखीत असते. फिल्म लावलेली पाटी दुधाळ दिसत होती. "अगोबाई," ताई म्हणाली, "आरशाला मोतीबिंदू झाला की रे!" सगळे हसले, छोट्याही हसला, आणि ते तेवढ्यावरच राहिलं.

खरं घोडं अडलं ते रंगापाशी. छोट्या फिल्म आणायचा, ताई ती पाटीवर लावून घ्यायची, दिवा लावायची, मान एकदा इकडे एकदा तिकडे करायची आणि म्हणायची, "पिवळट आहे."

"ताई, पिवळी नाहीये गं. मीटरने मोजून आणलीय."

"मीटर घेणार आहे का दिवा विकत?"

छोट्या परत जायचा. त्याने उंचवट्यांची राळ बदलली, चिकट थर बदलला, वाळवायची भट्टी कमी-जास्त करून बघितली. मीटर म्हणायचा पांढरी, बायको म्हणायची पांढरी, कामगार म्हणायचे पांढरी. ताई म्हणायची पिवळट. "इतके महिने झाले," ती म्हणायची, "काय दिवे लावलेस रे?" दिव्यांच्या कारखान्यात बसून हे ऐकून घ्यायचं म्हणजे कमालच. पण ऐकून घेत होता बिचारा, कारण त्याचा जीव तिच्या होकारात अडकला होता.

पूर्वी तो साबणाच्या, बिस्किटांच्या वेष्टनांची फिल्म करायचा. मोठे कारखाने आले आणि ते काम हातचं गेलं. मग त्याने हौसेने आणि थोड्या हट्टाने हा नवा उद्योग मांडला. उंचवटे उठवायचा रूळ स्वतः उभा राहून करून घेतला, खोली धूळबंद केली, डोक्याला टोपी आणि पायात कापडी मोजे घालून आत जायला सगळ्यांना शिकवलं. घेणारं गिऱ्हाईक मात्र एकच, ताई. शेजारचा पिशव्यांचा कारखानदार त्याच्या खोलीवर टपून होता. रोज येता-जाता दारात थांबायचा आणि गोड आवाजात विचारायचा, "काय, बहीण पावली का?" या महिन्याअखेर ताईने हो म्हटलं नाही, तर खोली त्याला द्यायची, असं छोट्या कबूल करून बसला होता. खोली गेली की फिल्म गेली, आणि फिल्म गेली की उरलेलं आयुष्य पिशव्यावाल्याकडे नोकरी. हे तो ताईला बोलला नव्हता. बोलला असता तर तिने दयेने हो म्हटलं असतं, आणि तसलं हो त्याला नको होतं.

तिकडे ताईच्या दुकानात वेगळंच रामायण चाललं होतं. पाट्या बाहेरून खोक्यांतून येतात तेव्हा सगळ्या एका रंगाच्या नसतात. काही उबदार, काही थंड. त्यातून ताई स्वतः निवडायची. तिला हवा असायचा सायीचा रंग. "साय बघितलीय ना? तसा," ती म्हणायची. तिने निवडलेले दिवे सून दुकानात लावायची, आणि गिऱ्हाइकं नाक मुरडायची. "छान आहे हो, पण दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं." एक जण म्हणाला, या उजेडात माझी बायको आजारी दिसते. बायको शेजारीच उभी होती, त्यामुळे तो दिवा काही खपला नाही.

सुनेने धीर करून एकदा सांगितलं, "आई, हे दिवे मला जरा निळसर वाटतात."

"निळसर?" ताईने पाटीकडे बघितलं, मग सुनेकडे बघितलं. "डोळे तपासून घे बाई तुझे. या वयात ही तऱ्हा, तर पुढे काय?"

सून दुकानात निघून गेली. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला तिला काही कुणी पगार देत नव्हतं.

आता फिल्मवाल्यांची एक रीत सांगायला हवी. फिल्मला दोन्ही अंगांनी संरक्षणाचा एकेक पापुद्रा असतो, ओरखडा उठू नये म्हणून. छोट्याच्या खोलीत त्याला साल म्हणायचे. खालची साल काढून पान काचेवर चिकटवायचं, आणि मग वरची साल काढायची. वरची काढायची राहिली तर सगळं मुसळ केरात. म्हणून छोट्याने नियमच केला होता. पान चिकटवलं की एकाने ओरडायचं, "साल?" आणि दुसऱ्याने उत्तर द्यायचं, "काढली!" दिवसभर खोलीत हेच चालायचं, नव्या माणसाला वाटायचं इथे केळी सोलतात. शिवाय वरची साल मुद्दाम निळसर मागवलेली असायची, फिकी, नजरेला कळण्यापुरती. का? तर विसरायला होऊ नये म्हणून!

ताईकडे नमुना नेताना छोट्या वरची साल खोलीतच काढायचा आणि पान मऊ कागदात गुंडाळून न्यायचा. गेल्या खेपेला त्यावर ओरखडा आला आणि ताईने त्याची चांगलीच हजेरी घेतली. म्हणून या वेळी त्याने वरची सालही तशीच ठेवली. तिथेच काढू, म्हणाला.

तो पोचला तेव्हा दुकानात कुणी तरी दिवा परत घेऊन आलं होतं, सून त्याची समजूत घालत होती आणि ताई आतून तावातावाने म्हणत होती की लोकांना चांगल्याची पारखच राहिली नाही. छोट्याने टेबलावर पाटी घेतली, खालची साल काढली, पान चिकटवलं, रूळ फिरवला. तेवढ्यात ताईने "काय रे, जेवलास का?" म्हणून विचारलं. तो "हो" म्हणाला, आणि पाटी तिच्या पुढ्यात ठेवली. इथे "साल?" म्हणून ओरडणारं कुणी नव्हतं.

ताईने दिवा लावला. मान इकडे केली, तिकडे केली. छोट्या तिच्या ओठांकडे बघत होता. पिवळटमधला "पि" कधी उमटतोय याची वाट बघत.

"छोट्या," ताई हळूच म्हणाली. "जमलं रे!"

"काय?"

"अरे, जमलं! दुधासारखा पांढरा. डाग नाही, पिवळेपणाचं नाव नाही. हेच, हेच सांगत होते मी तुला इतके दिवस!" तिने त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की त्याचा चष्मा घसरला. "सूनबाई, मामाला काही तरी गोड दे. आज उजेड पाडलाय खरा पठ्ठ्याने."

छोट्याने चष्मा सावरला आणि पाटीकडे बघितलं. त्याला ती पांढरी दिसेना. नीळ जास्त झालेल्या सदऱ्यासारखी दिसत होती. आणि कोपऱ्यात, साल ओढायला ठेवतात ती छोटी शेपटी, तशीच बाहेर डोकावत होती.

पहिल्यांदा त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दिवसभर "साल, साल" म्हणून दुसऱ्यांच्या डोक्यावर बसणारा माणूस, आणि स्वतःच विसरला! त्याने शेपटीकडे हात नेला. आणि मग ताई काय म्हणाली ते त्याच्या डोक्यात शिरलं. निळी साल लावलेला दिवा तिला पांढरा दिसत होता. म्हणजे पांढरा दिवा तिला...

हात तिथेच थांबला. दारात सून उभी होती. तिने पाटी बघितली, शेपटी बघितली, मामांचं तोंड बघितलं. दोघांनी एकमेकांकडे एकदाच बघितलं आणि मूग गिळून बसले. ताई खुशीत होती. महिनाअखेरीच्या आत काम सुरू कर, म्हणत होती. पाटी तिने स्वतःच्या खोलीतल्या कपाटावर मांडून ठेवली, येता-जाता दिसावी म्हणून.

छोट्या घरी आला आणि ताटावर बसला, पण घास हातातच राहिला. बायकोने ओळखलं.

"परत पिवळट?"

"नाही. पास झाली."

"मग असं सुतक लागल्यासारखं तोंड का?"

त्याने सगळं सांगितलं. बायको त्याच्याबरोबर खोलीत कटिंगच्या टेबलावर काम करायची. साल म्हणजे काय हे तिला समजावून सांगावं लागलं नाही. ती बराच वेळ भात कालवत राहिली.

"मग निळीच करा की फिल्म," ती शेवटी म्हणाली. "वन्संना निळी हवीय, घेणार त्या, खोली आपली राहतेय. कुणाचं काय बिघडलं?"

"अगं, दिवे आधीच निळे निघतायत. त्यावर निळी फिल्म लावली तर लोक दिवे परत आणून तिच्या दारात फेकतील. नाव जाईल तिचं."

"बरं. मग सांगा त्यांना."

"सांगितलं तर नजर जाईल तिची."

"जाईल काय? गेलीय," बायको म्हणाली. "तुम्ही सांगायचं तेवढं राहिलंय."

रात्रभर तो या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिला. भीती वाटत होती त्याला, सरळ सरळ भीती. ताई रागावेल याची नव्हे. ती जन्मभर रागावतच आली होती. ताई खचली तर काय करायचं, हे त्याला माहीत नव्हतं. ते कधी बघितलंच नव्हतं.

सकाळी तो गेला तेव्हा ताई खोलीत एकटीच होती, दिवा लावून बसली होती. "बघ," म्हणाली, "अजून तसाच आहे पांढरा."

वाटेत त्याने बरीच वाक्यं जुळवली होती. ताई, एक विचारू का. ताई, रागावणार नसशील तर. ताई, परवा मी वाचलं की उतारवयात... त्यातलं एकही तोंडातून बाहेर आलं नाही. तो पुढे झाला, शेपटी चिमटीत धरली आणि साल हळूहळू ओढून काढली. ती निघताना बारीक चरचर आवाज झाला.

ताई बघत होती. साल निघत गेली तसा तिच्या डोळ्यांसमोर दिवा वरून खाली पिवळा होत गेला.

"परत लाव," ती म्हणाली.

त्याने लावली.

"काढ."

काढली.

"पाटीत काही केलंस?"

"नाही गं."

मग जे तिने जन्मात विचारलं नव्हतं ते विचारलं. "मीटर काय म्हणतो?"

"पांढरा म्हणतो, ताई. पहिल्यापासून पांढराच म्हणतोय."

ताईने हात मांडीवर ठेवले. तिला कळायला वेळ लागणार नव्हता. धंद्यात मुरलेली बाई ती. सायीच्या रंगाचे म्हणून निवडलेले दिवे, परत आलेली खोकी, दवाखाना, आजारी दिसणारी बायको, सगळं एका दमात तिच्या डोळ्यांसमोरून गेलं असणार. चेहरा उतरला तिचा. छोट्याला वाटलं, साल परत लावावी, काही झालंच नाही म्हणावं, पळून जावं.

"सूनबाई," तिने हाक मारली. सून आली. "हा दिवा कसा दिसतो तुला?"

सुनेने मामांकडे बघितलं.

"त्याच्याकडे काय बघतेस? त्याच्या कपाळावर लिहिलंय का? दिव्याकडे बघ."

"पांढरा दिसतो, आई."

"आणि दुकानातले?"

"निळे."

"मी तुला डोळे तपासून घ्यायला सांगितलं होतं."

"घेतले तपासून."

"मग?"

"चांगले आहेत म्हणाले डॉक्टर."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत," सून म्हणाली, आणि तिलाच रडू फुटलं. ताईने तिला जवळ ओढली आणि पाठीवर थोपटत राहिली, जणू दुखणं सुनेलाच झालं होतं.

"काल बघितलंस ना तू?" तिने छोट्याला विचारलं. "मग तेव्हाच का नाही बोललास?"

"धीर झाला नाही."

"एवढी भीती वाटते माझी?"

"वाटते," छोट्या म्हणाला. "आणि तुझ्यासाठीही वाटली."

ताई उठली, दुकानात गेली आणि सगळे दिवे सुनेला खाली उतरवायला लावले. "आजपासून पाट्या तू निवडायच्या," तिने सांगितलं, "आणि मी मध्ये बोलले तर मला चहा करायला पाठवायचं." आवाज नेहमीसारखाच होता, जरासा कमी. छोट्याला तो कमीपणा कळला.

डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि चांगला पिकलेला. इतका हळूहळू पिवळा होत जातो की माणसाला पत्ताच लागत नाही. त्याला वाटतं जगच असं आहे. आधी उजवा करू, थोड्या दिवसांनी डावा. ताईने विचारलं, आत काय घालणार? प्लास्टिकचं भिंग, डॉक्टर म्हणाले. "प्लास्टिकचंच ना?" ताई म्हणाली, "मग भावाकडून आणते, घरचंच आहे." भीती वाटली की तिला असले विनोद सुचायचे.

इकडे महिना संपत आला. छोट्याने पिशव्यावाल्याला काही कळवलं नाही, तोही रोज दारात उभा राहायचा. ताईला आता पास कर म्हणून विचारणं बरं दिसलं नसतं, आणि सुनेकडून हो घेणं म्हणजे ताईच्या पाठीमागून घेतल्यासारखं. तो नुसता काम करत राहिला. ताज्या पानांचा एक गठ्ठा काढला, पांढऱ्या रंगाचा, त्याच्या मते उत्तम.

आणि ताई येऊन थडकली. त्याच्या खोलीवर ती सहसा येत नसे. टोपी घालायला लागते म्हणून. त्या दिवशी काळा चष्मा लावून, मुकाट्याने टोपी घालून आत आली. "उजवा झाला," म्हणाली. "डाव्याला अजून अवकाश आहे. आण तुझी पाटी."

त्याने नवं पान पाटीवर चिकटवलं. "साल?" बायको टेबलावरून ओरडली. "काढली!" तो म्हणाला, आणि या वेळी खरंच काढली होती.

ताईने चष्मा काढला. दिवा लावला. एक डोळा हाताने झाकला, मग तो उघडून दुसरा झाकला, मग परत पहिला. असं बराच वेळ चाललं. मग ती हसायला लागली.

"या डोळ्याने बघितलं तर तू खरा," ती म्हणाली, "आणि या डोळ्याने बघितलं तर मी खरी. आता भांडायचं कुणाशी रे?"

"आणि फिल्म?"

"पांढरी आहे. अगदी पांढरी. उगीच छळलं तुला इतके महिने." तिने त्याच्या गालाला हात लावला. आता हो येणार, हे छोट्याला दिसत होतं. दारात पिशव्यावाला उभा होता, तोही मान पुढे काढून बघत होता.

ताईने डावा डोळा झाकूनच ठेवला आणि पाटी जराशी कलती केली. "पण नापास."

"काय?"

"ही रेघ कसली?"

"कुठली रेघ?"

"ही काय, वरून खालपर्यंत. केसासारखी."

छोट्याने पाटी हातात घेतली. चष्मा वर केला, खाली केला. खिडकीपाशी नेली, तिरकी धरली, जवळ आणली, लांब धरली. पान स्वच्छ होतं. "काही नाहीये ताई," तो म्हणाला. "चेष्टा करतेस का?"

ताईने त्याच्या बायकोकडे बघितलं. बायको टेबलावरून उठून आली. तिने पाटीकडे बघितलं आणि तिचा चेहराच पडला.

"आहे," ती म्हणाली. "सकाळपासूनच्या सगळ्या पानांवर आहे. राळ पसरायच्या पात्याला खाच पडली असेल. तुम्ही एकेक पान उजेडात धरून पुढे सरकवत होतात, मला वाटलं तुम्हाला चालतेय."

कामगार आपापल्या हातांकडे बघायला लागले. पिशव्यावाल्याची मान हळूच मागे गेली. छोट्या पाटी धरून तसाच उभा होता. दुसऱ्याच्या डोळ्यांची एवढी रात्र-रात्र काळजी केलेला माणूस. आपल्याही डोळ्यांचं काही असेल, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

"ताई," त्याने अगदी हळू विचारलं, "खरंच आहे का गं रेघ?"

त्या दिवशी तिला सांगायला त्याच्याजवळ शब्द नव्हते. नुसती साल ओढून काढली होती त्याने. ताईला शब्द शोधावे लागले नाहीत. ती जवळ आली, त्याच्या हातातली पाटी काढून घेतली आणि दिवा बंद केला.

"आहे रे, बाळा," ती म्हणाली. "खरंच आहे." मग मागे वळून तिने सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं सांगितलं, "पातं बदला. आणि नवीन पान निघालं की ते हिला दाखवायचं," तिने भावजयीच्या खांद्यावर हात ठेवला, "ही म्हणाली ठीक, की माझं हो समजायचं. त्या दारातल्या गृहस्थांनाही सांगा, खोली रिकामी होणार नाही."

"ताई, सगळ्यांसमोर कशाला..."

"का? मी सुनेसमोर नाही ऐकलं?" तिने टोपी काढून त्याच्या हातात दिली आणि काळा चष्मा लावला. "चल, चप्पल घाल. डॉक्टर एक वाजेपर्यंतच बसतात."